आधी भरती बघा, मग हॉटेल: कोल्हापूरवरनं जाऊन कोकणच्या खाड्या आणि बंदरं होडीनं कशी फिरायची

आपण कोल्हापूरची माणसं कोकणात जातो म्हणजे काय करतो, तर पहाटे गाडी काढतो, गगनबावडा नाहीतर फोंडा घाट उतरतो, मालवणात किल्ला बघतो, तारकर्लीला पाण्यात डुंबतो, सुरमईची थाळी खातो आणि दुसऱ्या दिवशी रात्री घरात. यात वाईट काहीच नाही, पण यात समुद्र फक्त काठावरनं दिसतो. विजयदुर्ग, देवगड, मालवण, निवती, वेंगुर्ला ही सगळी गावं बंदरं म्हणून वसली, डांबरी रस्ते फार नंतर आले, त्यामुळं रस्त्यानं गेलात की तुम्ही गावात मागच्या दारानं शिरता. गावाचं तोंड पाण्याकडं आहे. किल्ल्याचे बुरूज, धक्का, दीपगृह, कौलारू घरांची रांग, हे सगळं होडीतनं बघितलं की मग कळतं कुठली गोष्ट कुठं आणि का बांधली ते.

आणि कोल्हापूरकरानं तर हे बघायलाच पाहिजे, कारण या किनाऱ्याचा मालवणचा भाग आपल्याच राज्यात होता. मालवण आणि सिंधुदुर्ग करवीर छत्रपतींच्या ताब्यात होते, १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, मग करवीरच्या जिजाबाईंच्या काळात तो परत मिळाला, आणि शेवटी १८१२ च्या तहात मालवण कायमचं इंग्रजांकडं गेलं. विजयदुर्ग बांधला असं ज्याच्या नावानं सांगतात तो शिलाहार राजा भोज म्हणजे आपल्या पन्हाळ्याचाच. खारेपाटण हे गाव समुद्रापासनं खाडीनं सुमारे ४० किमी आत आहे, तिथपर्यंत जुन्या काळी होड्यांनी माल यायचा आणि तिथनं बावड्याच्या घाटानं वर देशावर. म्हणजे आज आपण ज्या घाटातनं गाणी लावून उतरतो तो बंदराचाच रस्ता आहे.

तर आता कसं करायचं ते.

पहिल्यांदा हे लक्षात घ्या की विजयदुर्गात बसलो आणि बंदरं करत करत वेंगुर्ल्याला उतरलो अशी रोजची प्रवासी बोट आता नाही. पूर्वी मुंबईहून निघणाऱ्या बोटी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याकडं जायच्या, ते बंद होऊन कित्येक वर्षं झाली. त्यामुळं आपला प्लॅन तुकड्या-तुकड्यांत करायचा, एका बंदरात मुक्काम टाकायचा, तिथनं होडी करून खाडी आणि आजूबाजूचा समुद्र बघायचा, मग गाडीनं पुढच्या बंदराला. यात तीन प्रकारच्या बोटी लागतात. एक, किल्ल्यावर नेणारी तिकिटाची होडी, जशी मालवण धक्क्यावरनं सिंधुदुर्गला जाते. दोन, आख्खी भाड्यानं घ्यायची होडी, खाडी फिरायला, डॉल्फिन बघायला, पलीकडच्या गावाला जायला. तीन, गाडीसकट पलीकडं नेणारी फेरीबोट, ती सिंधुदुर्गात नाही पण रत्नागिरीच्या वर लय उपयोगाची, तिचं खाली सांगतो.

मच्छीमार ट्रॉलरवाल्याला पैसे देऊन लांबचा पल्ला मारायची आयडिया कोणाच्या डोक्यात असेल तर ती सोडून द्या. त्या बोटीला प्रवासी न्यायचा परवाना नसतो, काही झालं तर विमा नाही, आणि बिचाऱ्या मालकाचा परवाना जायची वेळ येते.

पाण्याचं टाइमटेबल

ट्रिपची तारीख ठरवताना आपण शनिवार-रविवार बघतो आणि हॉटेल बघतो. होडीनं फिरायचं असेल तर त्याच्या आधी तिथी बघायची. घरात महालक्ष्मीचं नाहीतर कालनिर्णय कॅलेंडर असतंच, तेवढं पुरे.

किनाऱ्यावर दिवसातनं दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि रोज ती साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, तर दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास पाणी भरलेलं. अष्टमीला ६ वाजता. द्वादशीला ९ वाजता. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. वद्य पक्षात परत १ पासनं मोजायचं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतो, अचूक वेळ पाहिजे तर मोबाईलवर त्या बंदराचं भरतीचं टाइमटेबल बघा, पण गाडीत बसून प्लॅन करायला हा हिशोब एक नंबर आहे. ओहोटी त्याच्यानंतर सव्वासहा तासांनी.

दुसरी गोष्ट, पाणी सारखं चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात हळू, मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी येतं नाहीतर जातं, शेवटी परत हळू. म्हणजे खाडीच्या तोंडाला सगळ्यात जोराचा करंट या मधल्या दोन तासांत असतो. आणि पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला तो आणखी जोरात, अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या पाण्याला सगळ्यात कमी.

आता हे सगळं कशासाठी, तर खाडीचं तोंड. मालवणजवळची कर्ली नदी असो नाहीतर विजयदुर्गची वाघोटणची खाडी, नदी समुद्राला मिळते तिथं वाळूचा दांडा असतो, पाणी उथळ असतं. ओहोटीचं पाणी बाहेर जातंय आणि समोरनं समुद्राची लाट आणि वारा आत येतोय असं झालं की दोन्ही एकमेकांवर आदळून लाट उभी राहते, छोट्या होडीला हीच जागा वाईट. त्यात दुपार असेल तर वारा अजून वाढलेला. भरती चढत असताना तेच तोंड शांत असतं, पाण्याची खोली पण असते आणि परत येताना पाणीच तुम्हाला आत ढकलतं.

वाऱ्याचं पण सांगतो. सकाळी जमिनीकडनं समुद्राकडं हलका मतलई वारा असतो, पाणी तेलासारखं शांत. साडेदहा-अकरानंतर समुद्राकडनं खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत वाढत जातो, फेब्रुवारीनंतर तर दुपारी चांगलाच जोर धरतो. म्हणून समुद्रातली फेरी सकाळी, खाडीतली फेरी संध्याकाळी. हे उलटं करू नका.

दोन्ही हिशोब जुळवले की माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस द्वादशी-त्रयोदशीचे. सकाळी ९-पावणेदहाला भरती, म्हणजे ७ ला निघालात की चढत्या पाण्यात आणि शांत वाऱ्यात समुद्रात जाऊन वारा सुटायच्या आत परत. दुपारी ३-४ ला ओहोटी, म्हणजे वाळूची बेटं उघडी पडलेली बघायला मिळतात. आणि ४ नंतर परत पाणी चढायला लागतं, त्याच पाण्याबरोबर खाडीत वर जायचं, कांदळवन बघत, सूर्य मावळेपर्यंत. शनिवार-रविवार आणि द्वादशी एकत्र येतेच असं नाही, पण वर्षात असे काही वीकेंड सापडतात, कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवा.

कधी जायचं, कुठनं उतरायचं

ऑक्टोबर ते मे. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान, हवा पण बरी आणि समुद्र पण. ऑक्टोबरमध्ये जाताना हवामान नीट बघून जा, अरबी समुद्रात त्या वेळी वादळं होऊ शकतात. मे अखेरपासनं ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पावसाळ्यात कोणी "नेतो की" म्हटलं तरी जायचं नाही.

आणखी एक, आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेच्या वेळी मालवण भागात पाय ठेवायला जागा नसते आणि महाशिवरात्रीला कुणकेश्वरला तसंच. जत्रेला जायचं असेल तर नक्की जा, बघण्यासारखी असते, पण होडी आणि खोली मिळायची आशा त्या दिवसांत ठेवू नका.

घाटाचं सरळ आहे. विजयदुर्गला जायचं तर गगनबावडा, तिथनं एक करूळ घाट वैभववाडीला उतरतो आणि दुसरा भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. देवगड-मालवणला राधानगरी, दाजीपूर करून फोंडा घाट. वेंगुर्ल्याला आंबोली. रत्नागिरी-जयगडला आंबा घाट. घाटांची कामं चालू असतात आणि पावसाळ्यानंतर दरडीमुळं कधी कधी बंद असतात, निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. एसटीनं जाणारे मध्यवर्ती स्टँडवर विचारा, मालवण, देवगड, रत्नागिरी सगळीकडं गाड्या आहेत.

एक कळकळीनं सांगतो, पहाटे ४ ला कोल्हापूर सोडून घाटातली वळणं घेत सरळ होडीत जाऊन बसू नका. झोप नाही, पोटात घाट, आणि वरनं लाटा, निम्मी गाडी आजारी पडते. आदल्या दिवशी दुपारनंतर निघा, रात्री बंदरात झोपा, सकाळी ताजे होऊन होडीत बसा. आणि होडीच्या आधी मिसळ-कट नको. घावणे, चहा, केळं, बास. ज्यांना लागतं त्यांनी उलटीची गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, होडीत मधे नाहीतर मागं बसायचं, नजर लांब क्षितिजावर ठेवायची, मोबाईलमध्ये नाही.

विजयदुर्ग

सुरुवात इथनं करा असं मी सगळ्यांना सांगतो, कारण गर्दी कमी आणि बंदर म्हणजे काय ते इथं सगळ्यात चांगलं समजतं. किल्ल्याला तिन्ही बाजूंनी समुद्र, तिहेरी तटबंदी. आधी आतनं चालत बघा, दोन-अडीच तास द्या, गाइड मिळाला तर घ्या. मग जेटीवरनं होडी करून किल्ल्याच्या बाहेरच्या अंगानं फेरी मारा. पाण्यातनं तो तट बघितला की समजतं, आंग्र्यांच्या काळात इंग्रज, पोर्तुगीज, डच यांची जहाजं इथनं हात हलवत का परत गेली. समुद्रात किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली एक दगडी भिंत पण सापडली आहे, शे-सव्वाशे मीटर लांब, शत्रूचं जहाज जवळ यायला गेलं की तळ घासायचा. १७५६ मध्ये इंग्रजांचं आरमार समुद्रातनं आणि पेशव्यांची फौज जमिनीवरनं अशी दोन्हीकडनं आली तेव्हा कुठं तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला पडला.

त्यानंतर होडीवाल्याला खाडीत आत न्यायला सांगा. गिर्ये बाजूला आंग्र्यांची जहाजं बांधायची जुनी गोदी आहे, खडकात खोदलेली. ती बघायची तर वेळ भरती-ओहोटी बघून ठरवावी लागते, स्थानिक माणूस बरोबर पाहिजे. खाडी आत मोठी आणि शांत आहे, दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा, कांदळवन, मधेच एखाद्या वाडीचा छोटा धक्का. इथं घाई करू नका, संध्याकाळचे दोन तास नुसते खाडीला द्या.

विजयदुर्गात राहायची सोय साधी आहे, घरगुती. जेवण आधी सांगावं लागतं. "मासे कुठले आहेत" असं विचारा, "सुरमई आहे का" असं नको, कारण बंदरात जे त्या दिवशी आलं ते खायचं. बांगडा, सौंदाळे, मुडदुशे, तारली, कालवं, तिसऱ्या, हे खाऊन बघा, कोल्हापुरात हे ताजं कुठं मिळतंय. तांबड्या-पांढऱ्याची सवय असलेल्या जिभेला मालवणी आमटी पहिल्यांदा सौम्य वाटेल, दुसऱ्या वाटीला गोडी लागते.

देवगड

देवगडला लोक आंब्यासाठी थांबतात आणि पुढं जातात. बंदर बघा. वादळाचा इशारा आला की गुजरात, कर्नाटकातल्या मासेमारी बोटीसुद्धा इथं आसऱ्याला येतात, इतकं आतल्या अंगाला सुरक्षित बंदर आहे ते. किल्ल्यावर दीपगृहाजवळ उभं राहिलं की बंदराचा आख्खा आकार दिसतो. इथं पर्यटकांच्या होड्या मालवणसारख्या रांगेत उभ्या नसतात, मिळाली तर घ्या, नाहीतर संध्याकाळी धक्क्यावर लिलाव बघा आणि पुढं चला.

मालवण, देवबाग, कर्ली

मालवणचा सिंधुदुर्ग सगळ्यांना माहीत आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पायाभरणी, त्याआधी किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याची पूजा, सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा, आतमध्ये दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि शिवराजेश्वर मंदिर. पण बहुतेक लोक हे सगळं धावत बघतात कारण होडीवाले आत साधारण तासाभराचा वेळ देतात. उपाय सोपा आहे, सकाळची पहिली होडी पकडा आणि चढायच्या आधीच सांगा की आम्ही उशिराच्या होडीनं परत येणार, चालेल का. बऱ्याचदा चालतं. तटावरनं चालत फेरी मारा, आत फक्त देवळापर्यंत जाऊन मागं फिरू नका. मोरयाचा धोंडा बघायला ओहोटीची वेळ धरा.

माझ्या मते खरा मुक्काम देवबागात करावा. एका बाजूला समुद्र, एका बाजूला कर्ली नदी, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. सकाळी समुद्राच्या बाजूची फेरी करा, संगमातनं बाहेर पडून भोगवे, निवतीच्या दिशेनं. निवतीचा किल्ला छोटा आहे पण पाण्यातनं बघितला की खाली लाल कडे आणि शेजारी खडकांच्या मधला किनारा असा दिसतो की रस्त्यानं जाऊन तो अंदाजच येत नाही. या भागात डॉल्फिन दिसतात, पण होडीवाल्याला त्यांच्या मागं पळवायला लावू नका. इंजिन मंद ठेवून लांब थांबलं तर ते स्वतः जवळनं जातात. लांब समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह दिसतं, ते खुल्या समुद्रात आहे, तिकडं जायचा हट्ट छोट्या होडीत धरू नका.

त्सुनामी आयलंड म्हणतात ती वाळूची पट्टी भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून तिथं ओहोटीच्या वेळी जायचं. संगमाजवळ पोहायचं मात्र नाही. पाणी कमरेएवढं दिसतं आणि खालनं करंट ओढतो. पंचगंगेत आणि रंकाळ्यात पोहून तयार झालेली आपली पोरं इथं जास्त आत जातात, मी बघितलंय, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. नदीतल्या पोहण्याचा इथं उपयोग होत नाही कारण पाण्याची दिशाच दर काही तासांनी बदलते.

संध्याकाळी कर्ली नदीनं वर जा, नेरूरपारच्या पुलाच्या दिशेनं. चढत्या पाण्याबरोबर निघालात तर इंजिन हळू ठेवलं तरी होडी जाते आणि आवाज कमी असला की कांदळवनातले खंड्या, बगळे, घारी जवळनं दिसतात. मधे कुठल्यातरी वाडीच्या धक्क्याला होडी लावायला सांगा आणि गावातनं फेरी मारून या. पलीकडं कोरजाई, भोगवे, परुळे ही बाजू वेंगुर्ले तालुक्यात येते, रस्त्यानं जायला नेरूरपारवरनं मोठा वळसा आहे, होडीनं थोडक्यात. वेळ असेल तर एक आख्खा दिवस त्या काठाला द्या, सामान मुक्कामी ठेवून फक्त होडीनं पलीकडं, दुपारचं जेवण तिथल्याच कोणाच्या घरी सांगून.

वेंगुर्ल्यात बंदरावरचं दीपगृह, जुनी डच वखार आणि मासळी बाजार, एवढं अर्ध्या दिवसात होतं.

गाडी घेऊन फेरीबोटीनं

ज्यांना लहान होडीची भीती वाटते, घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी हा रूट. आंबा घाटानं रत्नागिरी, मग आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळे, पुढं जयगड. जयगडहून फेरीबोटीत गाडी घालायची, तवसाळला उतरायचं. हेदवी, वेळणेश्वर, गुहागर करून धोपावे, तिथनं दुसरी फेरीबोट, वाशिष्ठीच्या खाडीवरनं दाभोळ. दाभोळ एकेकाळी मोठं बंदर होतं, धक्क्याजवळची जुनी अंडा मशीद नक्की बघा. पुढं हर्णै, जिथनं सुवर्णदुर्गला होड्या जातात आणि संध्याकाळी किनाऱ्यावर माशांचा मोठा लिलाव भरतो. मग आंजर्ले, केळशी करत वेसवी, तिसरी फेरीबोट बाणकोटच्या खाडीवरनं बागमांडला, आणि हरिहरेश्वर. वेळास जवळच आहे, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला मिळू शकतं. परतीला चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, कोल्हापूर.

फेरीबोटीवर गाडी चढवताना त्यांचा माणूस सांगेल तसंच करा, रिव्हर्स म्हणाला तर रिव्हर्स. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि सगळी माणसं गाडीच्या बाहेर, काच लावून आत बसून राहायचं नाही. उधाणाच्या मोठ्या ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, गाडी बुटकी असेल आणि मागं सामान भरलेलं असेल तर घासते, तेव्हा माणसं आधी उतरवा. शेवटच्या फेरीची वेळ दिवसाच विचारून ठेवा, चुकली तर रस्त्यानं लय मोठा वळसा पडतो.

होडी ठरवताना

आधी धक्क्यावर जाऊन अर्धा तास नुसतं बघा. होडीवर नाव आणि नंबर रंगवलेला आहे का, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे का, किती माणसांची क्षमता लिहिली आहे. लाइफ जॅकेट माणशी एक आणि बकल चालू असलेलं. लहान मुलांसाठी लहान साइजचं वेगळं मागा, मोठं जॅकेट मुलाच्या डोक्यावरनं निसटतं. ते नसेल तर दुसरी होडी. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, किनारा समोर दिसत असताना. म्हणून जॅकेट धक्क्यावर घालायचं आणि परत धक्क्यावर आल्यावरच काढायचं, फोटोसाठी मधे काढायचं नाही. आणि दारू पिऊन होडीत कोणी बसत असेल तर त्याला मागं ठेवा, मित्र असला तरी.

भाव ठरवताना चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. माणशी की आख्खी होडी, किती वेळ, कुठं कुठं, आणि मधे थांबलं तर वेटिंगचं काय. सकाळी ७ ची होडी पाहिजे तर आदल्या संध्याकाळीच तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, भेटून ठरवा. भावासाठी ओढाताण थोडी ठीक आहे, फार नको, कारण त्याचा वर्षातले तीन महिने धंदा बंद असतो. आणि तो म्हणाला "आज नको, वारो जास्त आसा" तर त्याच्यासमोर कोल्हापुरी आवाज काढायचा नाही. पैसे जास्त देतो म्हणून तर अजिबात नाही. त्याला नको वाटतंय म्हणजे नकोच.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज मोबाईलवर बघता येतो. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर त्या दिवशी किल्ला आतनं बघायचा, बाजार फिरायचा, झोपायचं. आणीबाणीसाठी तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि नेहमीचा ११२ हे नंबर सेव्ह करा. कुठं जातोय आणि किती वाजता परत येतोय हे मुक्कामाच्या घरी सांगून निघा.

धक्क्यावर वागायचं कसं

धक्का ही त्या लोकांची कामाची जागा आहे. वाळत घातलेल्या जाळ्यांवरनं चालायचं नाही, गाडी लिलावाच्या जागेत लावायची नाही, मासे विकणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरनं ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर बाजूला उभे राहा, ओढायला हात लावू का असं विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात आणि मग दोरीला किती जोर लागतो ते कळतं. पाण्यात काही टाकायचं नाही, वेफर्सचं पाकीटसुद्धा नाही, ते परत त्यांच्याच जाळ्यात येतं.

सामानात फार काही नको. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाण्याची बाटली, मोबाईलला वॉटरप्रूफ पाऊच, एक जोडी सुके कपडे, रोख पैसे, कारण खाडीच्या आतल्या गावांत रेंज जाते आणि यूपीआय चालत नाही. पायात रबरी सँडल. कोल्हापुरी चप्पल गाडीत ठेवा, शेवाळलेल्या धक्क्यावर चामडं घसरतं आणि खाऱ्या पाण्यानं ती कडक होऊन तिची वाट लागते.

परतीच्या दिवशी मासे आणायचे असतील तर थर्माकोलचा बॉक्स कोल्हापूरवरनंच घेऊन जा, सकाळच्या लिलावानंतर मासे घ्या, तिथंच साफ करून खाली-वर बर्फ घालून पॅक करा. दुपारी दोनच्या आत निघा म्हणजे घाट उजेडात चढून होतो, गगनबावड्याला थंडीच्या दिवसांत संध्याकाळनंतर धुकं उतरतं आणि वळणावर समोरचं दिसत नाही. बॉक्सचं पाणी मधे एकदा, वर बावड्यात चहाला थांबाल तेव्हा, काढून टाका आणि परत बर्फ घाला.